भरल्या अकरा, वाढवल्या पाच

“पाच वाढवल्या! व्हेरी गुड, काकू, व्हेरी गुड!”

शीबा मॅडमनं माझी वही टेबलावर ठेवली आणि चक्क टाळ्या वाजवल्या. समोरच्या बाकावर गुडघ्याला पट्टा बांधून बसलेले एक आजोबा होते, तेही माझ्याकडे बघून कौतुकानं हसले. मला आधी वाटलं, ही पोरगी माझी टिंगल करतेय. अकरा बांगड्या भरताना त्यातल्या पाच वाया घालवणाऱ्या कासारणीला टाळ्या वाजवायच्या म्हणजे दुसरं काय?

मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. टिंगल नव्हती. तिनं लाल पेन उचललं आणि भिंतीवर चिकटवलेल्या चौकड्यांच्या कागदावर मागच्या ठिपक्याच्या वर आणखी एक ठिपका काढला.

“बघा. सहा भरल्या, दोन वाढवल्या. म्हणजे आठ. मग आठ भरल्या, तीन वाढवल्या. अकरा झाल्या. आता अकरा आणि पाच, सोळा! या आठवड्यात सोळा करू या?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमच्या घरात बांगडी कधी फुटत नाही. म्हणजे फुटते, पण तसं कुणी म्हणत नाही. नारळ वाढवतात, कुंकू वाढवतात, तशी बांगडीही वाढवली म्हणायचं. सासऱ्यांच्या समोर माझ्या तोंडून एकदाच तो दुसरा शब्द गेला होता, तेव्हा त्यांनी मला देवापुढं साखर ठेवायला लावली होती. त्यामुळं वहीत मी आपसूक तसंच लिहिलं. भरल्या अकरा, वाढवल्या पाच. शीबा होती केरळची. तीन-चार वर्षांत ती मराठी शिकली होती, पण शिकली ती दवाखान्यात. तिथं ताप वाढतो, गोळी वाढवतात, वजन वाढतं. बांगडी कोण वाढवणार?

मी तोंड उघडलं.

“काय काकू?”

“काही नाही,” मी म्हणाले. “सोळा करते.”

आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. त्या दिवशी जे बोट हलायला लागलं, ते नंतर कित्येक दिवस थांबलं नाही.

मी गप्प का बसले ते सांगायला थोडं मागं जायला हवं. आमचं बांगड्यांचं दुकान जयसिंगपूरला, माझ्या सासऱ्यांनी थाटलेलं. आमचे हे पहिल्यापासून नोकरीत रमलेले, त्यामुळं दुकान आलं धाकट्या दिरांकडं, शशिकांतभाऊजींकडं. पण बांगडी भरण्याची बैठक माझी. सासऱ्यांनी ही विद्या दोन्ही मुलांना दिली नाही, सुनेला दिली. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी दाबायचं, चार बोटांची हाडं एकाखाली एक सरकवायची आणि ‘कसं काय, आई बरी आहे का’ असं विचारेपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असायची. दोन-चारच्या मापाची बांगडी मी दोन-सहाच्या हातात घालून दाखवत असे. भरून झालं की बाई मला वाकून नमस्कार करायची. आमच्यात तशी रीतच आहे. मोठमोठ्या घरच्या बायका माझ्यासारखीपुढं वाकायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

शेहेचाळिसाव्या वर्षी संधिवातानं नेमके माझे हातच धरले. सकाळी उठल्यावर मुठी उघडायला तासभर लागायचा. बोटांची पेरं लाल, अंगठा तर दुसऱ्याचाच असल्यासारखा. आठ महिने मी घरी बसले. तेवढ्यात भाऊजींनी काचेच्या कपाटाच्या शेजारी प्लास्टिकच्या आणि धातूच्या, उघडझाप करायच्या बांगड्या आणून मांडल्या. त्या घालायला कासारीण लागत नाही.

“वहिनी, मला काय तुमचं वाईट करायचं न्हाई,” भाऊजी म्हणाले होते. “पण बैठकीवर माणूस न्हाई तर काच ठेवून करायचं काय? श्रावणाच्या आधी तुम्ही बसला, तर कपाट ऱ्हाईल. न्हाई बसला, तर मी ते काढणार. आणि डॉक्टरचं लेखी पायजे मला. मागं त्या मास्तरीणबाईच्या हाताला लागलं, तसं परत नको.”

मास्तरीणबाईला लागलं होतं ते खरं होतं. माझा अंगठा ऐनवेळी सुटला होता. त्यामुळं मला काही बोलता आलं नाही. भाऊजी वाईट माणूस नव्हते, म्हणून तर जास्त राग यायचा.

मिरजेच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला जिन्याखालच्या एका खोलीत पाठवलं. दारावर पाटी होती, ‘व्यवसायोपचार विभाग’. मी म्हटलं, चला, व्यवसायावरच उपचार करतात तर बरंच झालं, दुकानच घेऊन येते. आत ही शीबा. माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून तोंडावर मॅडम आणि मनात अगंतुगं. नखं बारीक कापलेली, दोन्ही हात लंकेच्या पार्वतीसारखे मोकळे. दवाखान्यात हातात काही घालायचं नसतं म्हणे.

“तुमची काम काय आहे?” तिनं विचारलं होतं.

“माझी नव्हे, माझं काम. बांगड्या भरते.”

“मला दाखवा. माझा हात धरा.”

आजवर कुठल्या डॉक्टरनं मला माझं काम दाखवा म्हटलं नव्हतं. मी तिचा हात धरला, तिनं माझं प्रत्येक बोट कुठं वाकतं, जोर कुठून लागतो ते वाकून वाकून बघितलं. मग म्हणाली, तुम्ही सगळा भार अंगठ्यावर घेता, तो खांद्यावरून आणि तळव्यानं घ्यायला शिका. गरम पाण्यात मऊ केलेला पांढरा प्लास्टिकचा तुकडा माझ्या अंगठ्याभोवती दाबून तिनं मला एक पट्टी करून दिली. खाली गादीवर नाही, खुर्चीवर बसा म्हणाली. गिऱ्हाइकाचं कोपर टेकवायला लाकडी ठोकळा करून घ्या म्हणाली. आणि शेवटी म्हणाली, गिऱ्हाइकाच्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा, बांगडी घसरत जाईल.

“पिशवी?” मी उडालेच. “मॅडम, तीस वर्षं झाली मला. पिशवी घालून बांगडी भरायला मी काय शिकाऊ आहे?”

ती हसली, पण कागदावर लिहिलंच. पट्टी, खुर्ची, ठोकळा, पिशवी. आठवड्यातून दोनदाच सराव करायचा आणि वहीत लिहायचं. शेवटच्या सरावाचा आकडा सोमवारी दाखवायचा.

यातलं मी वही तेवढी पाळली. पट्टी घातली की हात लुळा दिसायचा, म्हणून ती पर्समध्ये. खुर्ची नको, ठोकळा नको. सराव शेजारच्या रझियाच्या हातावर, जुन्याच पद्धतीनं. रझिया माझी वीस वर्षांची मैत्रीण. हाताचं कातडं जाड, काच टोचली तर तोंडातून हूं की चूं काढत नसे.

तर असं सगळं असताना त्या सोमवारी शीबानं टाळ्या वाजवल्या. श्रावणाला पंधरा दिवस होते.

घरी येताना बसमध्ये मला एका जागी बसवेना. अंकलीचा पूल आला तेव्हा ठरवलं, पुढच्या सोमवारी सांगून टाकायचं. पूल ओलांडल्यावर वाटलं, सांगायचं काय त्यात? मी खोटं कुठं लिहिलंय? शब्द खरा आहे, आकडा खरा आहे. तिला कळलं नाही तर मी काय करू? मी खिडकीतली जागा सोडून पलीकडच्या सीटवर गेले, तिथून उठून परत खिडकीत आले. कंडक्टर म्हणाला, “मावशी, काय हरवलंय का?”

त्या आठवड्यात मी रझियाच्या हातात सोळा बांगड्या भरायला घेतल्या.

“हेमा, बस कर की आता,” अकराव्या बांगडीला ती म्हणाली. “माझा हात हाय ह्यो, चाळण न्हवं.”

“अजून पाच. मॅडमनी सांगितलंय.”

“मॅडमला दिसत न्हाई व्हय हे?” तिनं मनगट वर केलं. बारीक बारीक लाल ओरखडे उठले होते.

मी तिच्या हाताला हळद लावली आणि वहीत लिहिलं, ‘वाढवल्या सात’. एवढंच. पुढं वहीत असंच एका ओळीचं लिहीत गेले. रात्री बोटं ठणकायची, ती मांडीखाली दाबून धरायची आणि सकाळची वाट बघायची.

सोमवारी लाल रेघ आणखी वर गेली. शीबानं दाबायचं यंत्र माझ्या हातात दिलं, त्यातला काटा मागच्या महिन्यापेक्षाही खाली होता. तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

“मशीनवर जोर कमी आहे,” ती म्हणाली. “पण काम वाढतंय. म्हणजे तुम्ही जोर न लावता करताय. पद्धत जमली! हेच पाहिजे होतं, काकू.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “दुखत नाही ना?”

“नाही.”

हा मात्र शब्दांचा खेळ नव्हता. हे सरळसरळ खोटं होतं.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी तिनं पत्र दिलं. मोठ्या डॉक्टरांची सही तिनंच आणली. पत्र देताना तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. म्हणाली, माझी पहिली पेशंट, जी जुन्या कामावर तश्शीच परत गेली. मी पत्र घेतलं आणि पळाले. निरोपसुद्धा धड घेतला नाही.

भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून गल्ल्याच्या खणात ठेवलं आणि स्वतःच्या हातानं बैठक झाडून दिली. कपाटाच्या काचा पुसल्या. हिरव्या, चिंतामणी, गुलबक्षी, मोरपंखी, सगळे रंग परत रांगेत लागले. मी बैठकीवर मांडी घालून बसले. आठ महिन्यांनी. डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं पुसलं. पण मन काही थाऱ्यावर नव्हतं. बाई दारात दिसली की आधी मी तिचे हात बघायची. मऊ हाताची आली की हायसं वाटायचं, राठ हाताची आली की वाटायचं, हिनं प्लास्टिकच्याच बांगड्या घेऊन जाव्यात. काचेच्या कपाटासाठी मी एवढं सगळं केलं होतं आणि गिऱ्हाईक काचेच्या कपाटाकडं वळलं की मलाच धडकी भरायची.

चार दिवस निभावलं. मोठ्या मापाच्या बांगड्या देत गेले. “सैल बऱ्या असतात हो, गरमीत,” असं सांगत गेले. पाचव्या दिवशी शिवलीला आली.

सातवा महिना, उद्या डोहाळजेवण. बरोबर सासू. पोरीचे हात सुजलेले, दोन-आठची बांगडीही अवघड जाईल असे. मी म्हटलं, “जरा मोठ्या घ्या.”

“मोठ्या नकोत,” सासू म्हणाली. “फोटोत ढगळ दिसत्यात. माझ्या लग्नात तुमच्या सासऱ्यांनी भरल्या होत्या, कळलंसुदिक न्हाई. तुम्ही त्यांच्या हाताखालच्या, तुम्हाला काय अवघड हाय?”

मी पोरीचा हात घेतला. पाच हिरव्या गेल्या. सहावी पेरांवर आली. मी अंगठ्यानं दाबलं आणि खांद्यापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली. अंगठा सुटला. बांगडी तिरकी होऊन मनगटाकडं निसटली, कट्‌ असा आवाज आला. पोरगी ओरडली. मनगटाच्या वरच्या बाजूला काच आत गेली होती आणि रक्त हिरव्या बांगड्यांवरून खाली माझ्या तळव्यात येत होतं.

“वाढवली,” मी म्हणाले. तीस वर्षांची सवय.

“वाढवली?” सासू कडाडली. “वाढवली काय वाढवली! रक्त काढलंस की पोरीचं!”

भाऊजींनी पोरीला रिक्षात घालून डॉक्टरकडं नेलं. तीन टाके पडले. नशीब, तेवढ्यावर निभावलं. परत आल्यावर ते तडक गल्ल्याकडं गेले. खणातून पत्र काढलं, खिशात घातलं आणि म्हणाले, “उद्या मिरजेला जाऊ. ह्या मॅडमला मला इचारायचंय.”

जिन्याखालच्या त्या खोलीत आम्ही दोघं उभे. भाऊजींनी पत्र टेबलावर ठेवलं आणि झालेला प्रकार सांगितला. शीबाचा चेहरा उतरला. पण ती घाबरून मागं सरली नाही. तिनं भिंतीवरचा कागद काढून भाऊजींपुढं धरला, शेजारी माझी वही उघडली.

“मी उगाच पत्र नाही दिलं, दादा. हे बघा, प्रत्येक आठवड्याला बांगड्या वाढवल्या आहेत. पाच, सात, नऊ.”

भाऊजींनी वही घेतली. वाचली. मग लाल रेघेकडं बघितलं, परत वहीकडं बघितलं.

“मॅडम,” ते हळू म्हणाले, “वाढवली म्हंजे फुटली.”

“काय?”

“आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत न्हाईत. वाढवली म्हणत्यात. ही रेघ काढलीय न्हवं तुम्ही, ती फुटलेल्या बांगड्यांची हाय.”

शीबानं तो कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मग तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

“काकू, तुम्हाला कधी कळलं, मी चुकते आहे?”

आजही तो प्रश्न मला स्वच्छ ऐकू येतो. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. भाऊजीही माझ्याकडं बघत होते. त्यांनी ऐकलं असतं तर बैठक गेली, कपाट गेलं, घरात तोंड दाखवायची सोय गेली. मी पदराच्या टोकाकडं बघितलं आणि म्हणाले,

“आत्ताच. भाऊजी म्हणाले तेव्हा.”

“हां,” ती म्हणाली. वही उचलून तिनं दोन-तीन पानं मागं उलटली, पुढं उलटली आणि मिटली. “मग चूक माझी आहे. मी विचारायला पाहिजे होतं. दादा, मी तुम्हाला लिहून देते, चूक काकूंची नाही. फक्त कपाट काढू नका. तीन महिने द्या मला.”

तिनं खरंच लिहून दिलं. मोठ्या डॉक्टरांपुढंही जाऊन सांगितलं. त्यांनी तिला काय सुनावलं ते मला कळलं नाही, पण पुढच्या सोमवारी तिचे डोळे सुजलेले होते आणि मी विचारलं नाही.

त्या तीन महिन्यांत मी तिचं सगळं ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, नाही म्हणायला तोंडच नव्हतं. सुट्टीच्या रविवारी ती मिरजेहून जयसिंगपूरला आली, दुकानात टेप घेऊन बैठकीची उंची मोजली, सुताराला ठोकळ्याचं माप दिलं. खुर्ची आली. पट्टी पर्समधून निघून अंगठ्यावर आली. आणि पिशवी. पहिल्या दिवशी मी रझियाच्या हातावर पातळ पिशवी चढवली तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. दोन-चारची बांगडी साबणासारखी घसरून मनगटावर गेली.

“अगं बया,” रझिया म्हणाली, “एवढं सोपं हुतं तर माझा हात कशाला सोललास इतके दिवस?”

दिवसाला सहाच हात, दोन हातांमध्ये विश्रांती, सकाळी अकराच्या आधी काम नाही. भाऊजींनी अर्धं कपाट ठेवलं, अर्धं काढलं. मला वाटतं, त्यात त्यांनी न्यायच केला. गावात आधी हसले, “कासारीणबाई पिशवीवाल्या झाल्या” म्हणाले. मग सुजल्या हाताच्या, म्हाताऱ्या हाताच्या बायका मुद्दाम यायला लागल्या. शिवलीलाही आली, कडेवर मुलगी घेऊन. तिच्या मनगटावरची खूण मी रोज आठवत होते, ती त्या दिवशी समोर बघितली. तिनं हात पुढं केला, मी भरला, ती वाकली. मी तिला वाकू दिलं नाही.

सगळं रांगेला लागलं, पण मला स्वस्थता नव्हती. सोमवारी दवाखान्यात जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरायची. आमचे हे म्हणायचे, आता काय झालं, हात तर बरा आहे. शीबा माझ्याशी पूर्वीसारखीच वागायची. बोटं तपासायची, वही वाचायची, ‘वाढवल्या शून्य’ बघून हसायची. मी दर वेळी ठरवून जायची, आज सांगते. आणि दर वेळी अंकलीच्या पुलावर माझं धाडस खाली नदीत पडायचं.

दीड वर्ष असं गेलं. मग एका सोमवारी ती म्हणाली, “काकू, मी जाते. कोट्टयमला. आईजवळ नोकरी मिळाली.” आणि शनिवारी दुपारी ती दुकानात आली. दोन्ही हात माझ्यापुढं धरून म्हणाली, “आजपासून पंधरा दिवस ड्युटी नाही. मला बांगड्या भरा.”

“रंग कुठला?”

“तुम्ही सांगा.”

मी निळ्या चिंतामणी काढल्या, दोन-चारच्या. उजव्या हातात सात. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, भाऊजी जेवायला गेले होते. मी पट्टी चढवली, तिचं कोपर ठोकळ्यावर टेकवलं, हातावर पिशवी सरकवली. हात धरला की कासारणीला माणूस कळतं. काही बायका हात आखडून धरतात, काही अर्धा सोडतात. शीबानं हात पूर्ण सोडून दिला होता, झोपलेल्या मुलाचा असतो तसा. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी गेली.

चौथी पेरांवर असताना मी बोलले.

“मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या ना, त्याच दिवशी. मी मुद्दाम गप्प बसले.”

तिचा हात माझ्या हातात आखडला. बांगडी पेरांवर अडकली. तिथं अडकली की ना पुढं जात, ना मागं येत, आणि जोर करावा तर काच आत जाते. मी जोर केला नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत नव्हते.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

मी मान वर केली.

“वहीत दिसत होतं, काकू. आधी तुम्ही दोन आकडे लिहीत होता. भरल्या किती, वाढवल्या किती. मी टाळ्या वाजवल्या, त्यानंतर फक्त वाढवल्या. भरल्या लिहिलंच नाही. दादा होते, त्या दिवशीच मी पानं उलटून बघितलं.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“तुम्ही म्हणालात, आत्ताच कळलं. दादा समोर होते.” तिनं अडकलेल्या बांगडीवर डाव्या हाताचं बोट ठेवलं. “नंतर वाटलं, पुढच्या सोमवारी सांगतील. मग त्याच्या पुढच्या सोमवारी सांगतील. मला राग आला होता. खूप आला होता. मोठे सर सगळ्यांसमोर बोलले मला.”

“आणि तरी तुम्ही माझा अंगठा...”

“अंगठा काय चूक केली?” ती म्हणाली.

अंगठ्यानं, मी मनात म्हटलं. पण तिला दुरुस्त केलं नाही. मी दुकानात, कपाटासमोर, ढसाढसा रडले. तिनं डाव्या हातानं माझ्या मनगटावर थोपटलं. मग हळूहळू तिचा उजवा हात माझ्या हातात सैल झाला आणि अडकलेली चौथी बांगडी मी न दाबता आत गेली.

पाचवी गेली. सहावी गेली. सातवीला माझ्या डोळ्यांतलं पाणी अजून थांबलं नव्हतं, मला नीट दिसत नव्हतं. पेरांच्या अलीकडंच कट्‌ आवाज झाला. दोन निळे तुकडे ठोकळ्यावर पडले. तिच्या हाताला काही लागलं नाही, पिशवी होती.

मी ते तुकडे गोळा करून बाजूला ठेवले.

“वही कुठं आहे?” शीबानं विचारलं.

वही गल्ल्याशेजारी होती, रोजची. मी ती काढली, पेन उघडलं.

“लिहा,” ती म्हणाली. “आधी भरल्या लिहा. भरल्या सात.”

मी लिहिलं.

“आता लिहा. वाढवली एक.”